शटरची स्प्रिंग तुटली तर

शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंडला स्टेशनातून गावात जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी दुकाने उघडण्याच्या वेळी उभे राहिले, तर एकामागून एक शटरे वर जाताना दिसतात. कोणी दुकानाचा मालक असतो, कोणी कामाला ठेवलेला पोरगा. कुलूप काढायचे, तळाच्या पट्टीला हात घालायचा आणि एक झटका द्यायचा. शटर खडखडत वर जाते. खाली गाळा आणि वर राहते घर, ही आपल्या तालुक्याच्या गावांतली नेहमीची रचना. त्यामुळे गाळ्यात दुकान असो, मोटारसायकल ठेवण्याची जागा असो की कांद्याच्या गोण्या, शटर हे आता घराचेच एक दार झाले आहे.

या दाराविषयी एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सहा चौरस मीटर लोखंडी पत्रा दहावीतला मुलगा एका हाताने कसा उचलतो? आणि एखाद्या दिवशी तेच शटर दोघातिघांनाही हलेनासे होते, तेव्हा नेमके काय घडलेले असते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते: स्प्रिंग तुटली. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर समजल्याशिवाय दुसऱ्यातला धोका कळत नाही. हा धोका खरा आहे. तो दुकानदाराला आहे, शटरखाली खेळणाऱ्या मुलाला आहे आणि शिडीवर चढून दुरुस्ती करणाऱ्या माणसाला सर्वात जास्त आहे.

शटरच्या पोटात काय असते?

शटर म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या लांब, अरुंद पत्र्याच्या पट्ट्या. या पट्ट्यांची दोन्ही टोके भिंतीलगतच्या खोबणीतून, म्हणजे चॅनेलमधून, वर-खाली सरकतात. दाराच्या डोक्यावर पत्र्याच्या झाकणाआड एक जाड पाईप असतो. बहुतेक शटरांत हा पाईप दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटमध्ये घट्ट आवळलेला असतो; तो फिरत नाही. त्यावर चाके बसवलेली असतात, ती फिरतात, आणि पट्ट्यांची गुंडाळी या चाकांवर होते. चाक आणि पाईप यांच्यामध्ये स्प्रिंग असते. तिचे एक टोक पाईपला आणि दुसरे चाकाला अडकवलेले असते. शटर खाली ओढले की चाक फिरते आणि स्प्रिंगला पीळ बसतो. वर ढकलले की पीळ सुटतो आणि सुटता सुटता तो शटर वर ओढतो.

अशा शटरांसाठी आपल्याकडे आयएस ६२४८ हे भारतीय मानक आहे आणि स्प्रिंगच्या पोलादी तारेसाठी आयएस ४४५४ हे वेगळे मानक आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत शटरसाठी २७.५ सेंटिमीटर लांबीच्या तारेच्या स्प्रिंगा सांगितलेल्या असतात. काही शटरांत तारेऐवजी घड्याळातल्यासारखी सपाट पट्टीची स्प्रिंग असते. तिचे तत्त्व तेच. सुमारे १० चौरस मीटरपेक्षा मोठ्या शटरांना नुसत्या हाताचा जोर पुरत नाही. त्यांना साखळी आणि दातेरी चाके लावतात. कारखान्यांच्या आणि गोदामांच्या मोठ्या दारांना ही साखळी दिसते. आजकाल बंगल्यांच्या गाड्या ठेवण्याच्या जागांना विजेच्या मोटरीची शटरेही बसू लागली आहेत.

ऊर्जेचा हिशेब

आता एक शटर घेऊन हिशेब करू. रुंदी २.५ मीटर, उंची २.४ मीटर, क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. पत्रा १.२५ मिलिमीटर जाडीचा. पोलादाची घनता ७८५० किलोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणून एक चौरस मीटर पत्र्याचे वस्तुमान होते ९.८ किलोग्रॅम आणि ६ चौरस मीटरचे सुमारे ५९ किलोग्रॅम. परंतु पट्ट्या एकमेकींत अडकवण्यासाठी त्यांच्या कडा वळवाव्या लागतात. त्यात पत्रा जास्त जातो. शिवाय तळाची जाड पट्टी असते. सोयीसाठी एकूण वस्तुमान ८० किलोग्रॅम धरू.

शटर पूर्ण खाली असताना त्याचा गुरुत्वमध्य उंचीच्या मध्यावर असतो. ते पूर्ण वर गेले की गुरुत्वमध्य सुमारे १.२ मीटर वर चढतो. यासाठी लागणारे कार्य:

८० × ९.८ × १.२ = सुमारे ९४० ज्यूल.

हा आकडा किती मोठा आहे? १० किलोग्रॅमचा दगड साडेनऊ मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडला तर जमिनीवर आपटताना त्याच्याजवळ जवळपास एवढीच ऊर्जा असते. सकाळी शटर उघडताना ही ऊर्जा पुरवते कोण? हात नव्हे. हात फक्त घर्षणावर मात करतो. ऊर्जा देते ती पिळलेली स्प्रिंग. रात्री शटर बंद करताना खाली येणाऱ्या पत्र्याने आपली स्थितिज ऊर्जा स्प्रिंगला दिलेली असते. सकाळी स्प्रिंग ती परत करते. शटर आणि स्प्रिंग यांची मिळून ऊर्जा जवळजवळ कायम राहते. ती फक्त एकीकडून दुसरीकडे जाते.

यातली एक गंमत विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येत नाही. शटर खाली असताना सगळे वजन लोंबत असते, म्हणून वर ओढण्यासाठी जास्तीत जास्त जोर लागतो. आणि नेमका त्याच वेळी स्प्रिंगला जास्तीत जास्त पीळ असतो. शटर जसजसे वर जाते, तसतशा पट्ट्या चाकावर गुंडाळल्या जातात, लोंबणारे वजन कमी होते. इकडे स्प्रिंगचा पीळही उलगडत जातो. दोन्ही गोष्टी बरोबरीने घटतात. इंग्लंडमधील रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम, म्हणजे स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या प्रमाणात तिचे बल वाढते, तो पिळालाही लागू पडतो. जगातल्या लाखो दुकानांची दारे रोज या नियमाच्या आधाराने उघडतात.

स्प्रिंगला किती जोर लावावा लागतो तेही पाहू. शटर पूर्ण खाली असताना पट्ट्या चाकाच्या मध्यापासून सुमारे १० सेंटिमीटर अंतरावर लोंबतात असे धरू. वजन ७८४ न्यूटन. म्हणून फिरवण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो ७८४ × ०.१ = सुमारे ७८ न्यूटन-मीटर. गुंडाळी वाढते तशी त्रिज्याही वाढते. ती सरासरी १२ सेंटिमीटर धरली तर २.४ मीटर उंचीसाठी चाकाचे सव्वातीन फेरे होतात. शटर वर असतानाही स्प्रिंग पूर्ण सैल नसते. बसवतानाच तिला थोडा पीळ दिलेला असतो, नाही तर शेवटचा हातभर भाग वर जाणारच नाही.

आता धोका कुठे आहे ते उघड होते. शटर खाली असते तेव्हा पत्रा पडू शकत नाही, पण स्प्रिंगमध्ये साडेनऊशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा कोंडलेली असते. शटर वर असते तेव्हा स्प्रिंग बरीचशी रिकामी असते, पण ८० किलोग्रॅम लोखंड डोक्यावर असते. पूर्ण सुरक्षित अशी स्थिती नाही. ऊर्जा कुठे तरी असतेच.

तार वाकते की पिळली जाते?

शिक्षकांनी वर्गात विचारण्याजोगा हा प्रश्न आहे. काट्यातली स्प्रिंग ओढली, तर तिच्या तारेचे काय होते? बहुतेक विद्यार्थी सांगतील, तार ताणली जाते. आणि शटरच्या स्प्रिंगला पीळ दिला तर? तार पिळली जाते, असे उत्तर येईल. दोन्ही उत्तरे चूक आहेत.

हे पटवण्यासाठी बागेला किंवा शेतात पाणी देण्याची मऊ नळी घ्यावी. नळी सरळ ठेवून तिच्यावर लांबीभर रंगाची एक सरळ रेघ ओढावी. मग एका काठीभोवती तिचे चार-पाच वेढे द्यावेत आणि रेघ सर्वत्र बाहेरच्या बाजूला येईल असे पाहावे. आता काठी काढून घेऊन दोन विद्यार्थ्यांनी नळीची टोके, ती बोटांत फिरू न देता, एकमेकांपासून दूर ओढावीत. वेढे उलगडतात आणि सरळ झालेल्या नळीवरची रेघ प्रत्येक वेढ्यामागे एकदा फिरलेली दिसते. म्हणजे स्प्रिंग ओढली की तार पिळली जाते.

पुन्हा वेढे द्यावेत. या वेळी टोके ओढू नयेत. काठी मध्ये ठेवून एक टोक काठीभोवती आणखी थोडे फिरवावे. वेढे आवळले जातात, पण रेघ बाहेरच्या बाहेर राहते. नळी पिळली गेली नाही. ती फक्त जास्त वाकली. म्हणजे शटरच्या स्प्रिंगला आपण पीळ देतो, तेव्हा तिची तार वाकत असते.

आपल्या भागात याची तीन उदाहरणे फार जवळ आहेत. पुणे-नगर रस्त्यावर शिरूरला ट्रकच्या गॅरेजांत चाकांवरचे पाटे दिसतात. ट्रकवर भार आला की पाटा वाकतो. दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन. तिथे फलाटावर उभे राहून डब्याच्या चाकांजवळ पाहिले, तर जाडजूड स्प्रिंगा दिसतात. त्या दाबल्या जातात आणि त्यांची सळई आतल्या आत पिळली जाते. तिसरे उदाहरण शटरचे. दिसायला शटरची स्प्रिंग रेल्वेच्या स्प्रिंगसारखी गोल वेढ्यांची आहे, पण तिच्या कामाचे नाते आहे ट्रकच्या पाट्याशी.

हा फरक केवळ बौद्धिक नाही. तार वाकते तेव्हा सर्वात जास्त प्रतिबल तिच्या पृष्ठभागावर येते आणि मध्यभागी जवळजवळ काहीच येत नाही. म्हणून स्प्रिंगचे आयुष्य ठरते ते तिच्या कातडीवर. तिथे एखादा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल, तर तुटण्याची सुरुवात तिथूनच होते.

ती तुटते का?

शटरवर दरोज तेवढेच वजन असते. काल ज्या स्प्रिंगने ते सहज पेलले, ती आज का तुटावी? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या अभियंत्यांना रेल्वेने विचारायला लावला. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस तुटला. गाडी घसरली, डबे एकमेकांवर चढले आणि त्यांना आग लागली. पन्नासहून अधिक प्रवासी मरण पावले. डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद होती, त्यामुळे अनेकांना बाहेर पडताच आले नाही. या दुसऱ्या गोष्टीकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

तुटलेल्या आसांचा अभ्यास सुरू झाला. जर्मनीतील रेल्वे अभियंता ऑगस्ट व्योलर याने १८५० च्या दशकापासून १८७० पर्यंत चिकाटीने प्रयोग केले. त्याने धातूच्या दांड्यांवर पुन्हा पुन्हा भार दिला आणि काढला. त्याला असे दिसले की एका वेळच्या भाराने जो दांडा मुळीच तुटत नाही, तो त्याहून बऱ्याच कमी भाराने हजारो वेळा वाकवला तर तुटतो. भार जितका जास्त, तितक्या कमी फेऱ्यांत तो तुटतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. प्रथम पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी चीर पडते. प्रत्येक फेरीला ती केसभर पुढे सरकते. शिल्लक भाग भार पेलू शकेनासा झाला की तो एका क्षणात तुटतो. रेल्वेत आजही आसांची श्राव्यातीत ध्वनीने तपासणी होते, ती याच चिरेच्या शोधासाठी.

स्प्रिंग तुटते तेव्हा फटाक्यासारखा आवाज येतो, तो या शेवटच्या क्षणाचा. शटर खाली असताना, म्हणजे पीळ सर्वात जास्त असताना, किंवा ते खाली ओढताना तुटण्याची शक्यता अधिक. तुटलेला तुकडा भिंगाखाली पाहिला, तर पुष्कळदा दोन भाग वेगळे ओळखू येतात: चिरेने हळूहळू कापलेला गुळगुळीत, काळपट भाग आणि अखेरीस फाटलेला खडबडीत, चकचकीत भाग.

किती दिवसांनी तुटेल? अमेरिकेत घरांच्या गॅरेजच्या दारांना अशाच पीळ घेणाऱ्या स्प्रिंगा असतात आणि त्या साधारणपणे १०,००० फेऱ्यांसाठी बनवलेल्या असतात. एकदा उघडणे आणि बंद करणे म्हणजे एक फेरी. आपल्याकडच्या स्प्रिंगांवर असा आकडा सहसा लिहिलेला नसतो, पण हिशेब शिकवण्यासारखा आहे. दुपारी दुकान बंद ठेवणाऱ्या दुकानदाराच्या दिवसाला दोन फेऱ्या होतात. वर्षाचे ३५० दिवस धरले तर ७०० फेऱ्या. १०,००० फेऱ्यांना चौदा वर्षे लागतील. गाडी ठेवण्याच्या शटरच्या दिवसाला चार फेऱ्या होत असतील, तर सात वर्षे. म्हणजे स्प्रिंग तुटणे हे दैव नव्हे आणि करणीही नव्हे. ते केव्हा ना केव्हा होणारच असते.

हे आयुष्य आणखी घटवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली गंज. शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. कोकणाच्या मानाने इथे गंज कमी. पण धूळ पुष्कळ. वंगणात धूळ मिसळली की त्याची घासणारी लापशी होते. चॅनेलमध्ये ती साचली की शटर अडकते, माणूस झटके देतो आणि पट्ट्या वाकतात. दुसरी गोष्ट म्हणजे तारेची जाडी. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. समजा ५ मिलिमीटरच्या तारेऐवजी ४.५ मिलिमीटरची तार बसवली. फरक दहा टक्क्यांचा, डोळ्यांना दिसणारही नाही. पण ०.९ चा चौथा घात ०.६५६, म्हणजे कडकपणा सुमारे ३४ टक्क्यांनी घटतो. तो भरून काढायला मिस्त्री जादा पीळ देतो. मग तेवढाच टॉर्क पेलताना या बारीक तारेवर येणारे प्रतिबल सुमारे ३७ टक्क्यांनी वाढते, कारण प्रतिबल व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. स्वस्तात बसवलेली स्प्रिंग लवकर तुटते, त्याचे कारण असे आहे.

तुटल्यावर काय करावे?

रुंद शटरला एकाहून अधिक स्प्रिंगा असतात. चार असतील आणि एक तुटली, तर आपल्या उदाहरणातले शटर तळाशी सुमारे २० किलोग्रॅमने जड वाटेल. ते एका बाजूने आधी उचलले जाईल, वाकडे जाईल किंवा वर नेल्यावर आपोआप खाली सरकू लागेल. ही लक्षणे दिसली की ‘आज जरा जड झालंय’ म्हणून जोर लावत राहू नये. उरलेल्या तीन स्प्रिंगांनीही तितक्याच फेऱ्या केलेल्या असतात. त्यांचेही दिवस भरत आलेले असतात.

शटर वर असताना स्प्रिंग तुटली तर पहिले काम म्हणजे खालची जागा मोकळी करणे. मुले आणि गिऱ्हाइके दोन्ही दूर. सर्व स्प्रिंगा निकामी झाल्या आणि घर्षण नगण्य धरले, तर आपल्या उदाहरणातल्या शटरचा वेग जमिनीशी ताशी सुमारे १७ किलोमीटर होऊ शकतो. घर्षणामुळे तो कमी होईल, पण ८० किलोग्रॅम लोखंडाला एवढ्या वेगाचीही गरज नाही. दोन्ही बाजूंना तळपट्टीखाली भक्कम लाकडी किंवा लोखंडी टेकू द्यावेत. एकच टेकू मध्यभागी देऊ नये, शटर कलंडते. खाली आणायचेच असेल तर दोन्ही टोकांना एकेक धट्टाकट्टा माणूस हवा. बोटे पट्ट्यांच्या सांध्यांत नकोत, पाय तळपट्टीखाली नकोत.

शटर खाली असताना तुटली तर ते तसेच ठेवावे. दुसरे दार असेल तर ते वापरावे. आतून कोणाला बाहेर काढणे जरुरीचे असेल, तर दोघातिघांनी मिळून उचलावे आणि उचलताक्षणी दोन्ही बाजूंना टेकू द्यावेत. मोटरीचे शटर असेल तर आधी विजेचा मुख्य खटका बंद करावा. स्प्रिंग नसताना सगळा भार मोटरीवर येतो.

एक गोष्ट मात्र घरच्या माणसाने मुळीच करू नये: वरचे झाकण काढून पाईपच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल करणे. पाईप फिरत नाही तो त्या आवळलेल्या बोल्टांमुळे. शाबूत असलेल्या स्प्रिंगांचा पीळ त्या पाईपवर असतोच. बोल्ट सैल झाला की पाईप गरकन फिरतो आणि त्याला लावलेला पानाही. ७८ न्यूटन-मीटरचा टॉर्क म्हणजे ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी सुमारे २६ किलोग्रॅम वजनाएवढा जोर, आणि तो अचानक. तीन स्प्रिंगा उरल्या असल्या तरी त्यातला बराच मोठा भाग शिल्लक असतो. शिडीवर उभ्या माणसाचे तोंड आणि हात त्याच्याच वाटेत असतात. हे काम शटरच्या मिस्त्रीचेच आहे. तो पाईपला योग्य पकड देऊन, फेरे मोजत पीळ उतरवतो.

मिस्त्री आल्यावर दोन गोष्टींचा आग्रह धरावा. जुन्या तारेच्याच व्यासाची स्प्रिंग बसवावी. व्यास कॅलिपरने मोजून घ्यावा. आणि एक तुटली असली तरी सगळ्या बदलाव्यात. चार स्प्रिंगांचा खर्च आज जास्त वाटतो, पण एकेक करून बदलण्यात मजुरी चार वेळा आणि धोकाही चार वेळा.

एरवीची काळजी साधी आहे. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर चॅनेल कोरड्या फडक्याने स्वच्छ करावे, स्प्रिंगांना पातळ तेल द्यावे. महिन्यातून एकदा शटर निम्म्यावर नेऊन, हात तळपट्टीला ठेवूनच, पकड ढिली करून पाहावी. समतोल शटर तिथेच थांबते. ते आपणहून खाली घसरत असेल किंवा वर पळत असेल, तर मिस्त्रीला बोलवावे. मुलांनी तळपट्टीला लोंबकळून वर जाण्याचा खेळ करू नये. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या घरगुती गॅरेजच्या स्वयंचलित यंत्रणांना, दाराखाली कोणी सापडल्यास दार उलट फिरेल अशी सोय कायद्याने सक्तीची झाली. आपल्याकडे मोटरीचे शटर घेताना ही सोय मागून घेतली पाहिजे.

आत माणूस असेल तर

३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे पुण्यात कोंढव्यातील एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार मरण पावले. शटरला बाहेरून कुलूप होते. ९ मे २०१९ रोजी उरुळी देवाची येथे कापडाच्या एका दुकानाला आग लागून आत झोपलेले पाच कामगार मृत्यू पावले. तिथेही दार बाहेरून बंद होते. या दोन्ही घटनांत स्प्रिंगचा दोष नव्हता. पण आतल्या माणसाच्या दृष्टीने कुलूपबंद शटर आणि स्प्रिंग तुटलेले शटर यांत फरक काय? धुरात गुदमरलेला एकटा माणूस ८० किलोग्रॅम उचलू शकत नाही.

१८४२ च्या अपघातानंतर फ्रान्समध्ये प्रवाशांना डब्यात कोंडून कुलूप लावण्याची पद्धत बंद झाली. आपल्या गाळ्यांत रात्री कामगार झोपतात, काही ठिकाणी कुटुंबेही राहतात, आणि पुष्कळ गाळ्यांना शटर हे एकच दार असते. अशा जागी शटरखेरीज आतून उघडणारे दुसरे दार असलेच पाहिजे. ते नसेल, तर तिथे कोणी झोपता कामा नये. स्प्रिंग केव्हा तुटेल ते सांगता येत नाही. पण ती तुटेल हे नक्की सांगता येते. म्हणून माणसाचा जीव एकाच स्प्रिंगवर टांगून ठेवू नये.

वर्गात करून पाहण्यासाठी

थकव्याचा प्रयोग स्वस्त आहे. बांधकामावर सळया बांधण्यासाठी वापरतात ती तार घ्यावी आणि तिचे सारख्या लांबीचे पंधरा तुकडे करावेत. पक्कडीत धरून पाच तुकडे ९० अंशांत, पाच ६० अंशांत आणि पाच ३० अंशांत पुढे-मागे वाकवावेत. प्रत्येक तुकडा किती वाकवण्यांनी तुटला ते मोजून सरासरी काढावी आणि कोन व फेऱ्यांचा आलेख काढावा. कोन कमी केला की फेऱ्या किती पटींनी वाढतात ते पाहावे. व्योलरच्या आलेखाचे हे घरगुती रूप आहे. इथे तार कायमची वाकते, म्हणून थोड्या फेऱ्यांत तुटते. स्प्रिंग पुन्हा मूळ आकारात येते, म्हणून हजारो फेऱ्या टिकते. हा भेद विद्यार्थ्यांना सांगावा. दुसऱ्या पाच तुकड्यांवर कानशीने आधी बारीक खाच पाडून तोच प्रयोग केला, तर गंजाच्या खड्ड्याचे काम कळते. तार तुटताना डोळे जपावेत. तुटण्याच्या जागी ती गरम झालेली असते, हेही बोट जपून लावून पाहावे. ती उष्णता कुठून आली, हा पुढचा प्रश्न.

पीळ आणि टॉर्क यांचा प्रयोग कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यावर होतो. चिमट्यातली छोटी स्प्रिंग शटरच्या स्प्रिंगची धाकटी बहीण आहे. चिमट्याचे एक पाते पक्के धरून दुसऱ्याच्या टोकाला स्प्रिंगकाटा लावावा आणि वेगवेगळ्या कोनांना किती बल लागते ते नोंदवावे. आलेख सरळ रेषा येतो की नाही, आणि रेषा शून्यातून जाते की नाही, ते पाहावे. ती शून्यातून जात नसेल, तर चिमटा मिटलेला असतानाही स्प्रिंगला थोडा पीळ असतो असे ठरते. शटर वर असतानाही त्याच्या स्प्रिंगचे असेच असते.

शेवटी, जवळच्या शटरच्या मिस्त्रीकडून तुटलेल्या स्प्रिंगचे दोन-तीन तुकडे मागून आणावेत. त्याच्याकडे ते पुष्कळ पडलेले असतात. भिंगाखाली काळपट भाग कुठे संपतो आणि चकचकीत भाग कुठे सुरू होतो ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. चकचकीत भाग जितका लहान, तितकी स्प्रिंग तुटण्याआधी बहुतेक सर्व कापली गेली होती आणि तरीही शटर उचलत होती.